फेरीमागं किती लिटर

१० फेब्रुवारी, सोमवार

आज खाणीवर रुजू झाले. दहिवडीत खोली घेतली आहे, एका बाईंच्या घरावर, पत्र्याची. सकाळी सातला कंपनीची जीप येते आणि आटपाडीच्या बाजूला पाऊण तासावर सोडते. इकडे हिरवं काही नाही. काळा कातळ, मुरूम, बोरी-बाभळी आणि मध्ये खाणीचा खड्डा.

काम असं आहे. खाणीत फोडलेला दगड दहा डंपर भरून क्रशरपर्यंत नेतात. ते किती डिझेल जाळतात, त्यातून किती कार्बन हवेत जातो, हे मी रोज लिहायचं आणि तीन महिन्यांत पंधरा टक्के कमी करून दाखवायचं. रस्त्याचं काम ज्या मोठ्या कंपनीकडे आहे, तिला आता खडीबरोबर हा आकडाही लागतो. पंधरा टक्के दाखवले नाहीत तर पुढची खडी दुसरीकडून घेणार.

साइटचे मॅनेजर जयराज साहेब. वय चाळीस असेल, बोलणं नीट. म्हणाले, "नीलिमा मॅडम, घरून काही अडचण नाही ना? एवढ्या आडरानात?"

मी नाही म्हणाले. आप्पांना जाऊन आज वीस दिवस झाले हे त्यांना सांगायचं काही कारण नव्हतं.

१३ फेब्रुवारी

तीन दिवस नुसतं मोजलं. डंपर रिकामा जातो, पोकलेनपाशी रांगेत थांबतो, भरतो, टेकडीला वळसा घालून क्रशरवर येतो, ओततो. एकेरी अंतर ३.४ किलोमीटर. एका फेरीला सरासरी ५.२ लिटर. दिवसाला एकशेवीस फेऱ्या. म्हणजे ६२४ लिटर, म्हणजे हवेत एक टन सहाशे बहात्तर किलो.

आकडे जुळले की बरं वाटतं. बरं म्हणजे, काही वाटत नाही, पण हात रिकामे राहत नाहीत.

आईचा फोन. जेवलीस का. हो. काय जेवलीस. आठवेना. पिठलं म्हणून सांगितलं.

१८ फेब्रुवारी

डंपर उभे असतानाही इंजिन चालू ठेवतात. पोकलेनच्या रांगेत, जेवणाच्या सुट्टीत, एसी लावून डुलकी काढताना. एकेक गाडी रोज पावणेतीन तास नुसती घुरघुरत उभी. तासाला तीन लिटर.

आज सगळ्या ड्रायव्हरना बसवून हे सांगितलं. बहुतेकांनी मान हलवली. सात नंबरचा यल्लाप्पा तेवढा बोलला. जतच्याही पलीकडचा, कर्नाटकाला लागून असलेल्या गावातला. पन्नाशीचा, कानात बाळी.

"एक विचारू काय ताई? डिझेल एक लिटर. वजन किलोभर पण भरत नाही. आणि धूर अडीच किलोच्या वर म्हणायलाय तुम्ही. हे कसं हो?"

मी सांगितलं, डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला प्राणवायू ओढून घेतो, त्याचं वजन त्यात मिळतं.

तो म्हणाला, "म्हणजे जाताना हवा पण घेऊन जातोय की!"

सगळे हसले. आप्पांनी हाच प्रश्न विचारला असता. ते कराड आगारात एकतीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. दहा लिटरला कोण किती किलोमीटर काढतं याचा फळा आगारात लागायचा, त्यात त्यांचं नाव वरच्या पाचांत असायचं. त्यांच्या शेवटच्या दिवशी मी दवाखान्याचे फॉर्म भरत होते. सगळे रकाने बरोबर भरले. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या डोळ्याला पाणी कसं नाही गं?" खरंच नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

रांग मोडली. पोकलेनपाशी एका वेळी दोनच डंपर, बाकीचे वर, इंजिन बंद करून. टायरमधली हवा रोज सकाळी तपासतो. फेरीला ५.२ वरून ४.८७. सहा पूर्णांक चार टक्के.

जयराज साहेबांनी कागद पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. "चांगलं आहे. पण सहा म्हणजे पंधरा नव्हे. अजून काय आहे?"

अजून गाड्या बदलणं आहे, ते होणार नाही. आणि अंतर कमी करणं आहे. संध्याकाळी नकाशा उघडून बसले. टेकडीला वळसा न घालता एक जुनी गाडीवाट सरळ उतरते. २.७ किलोमीटर.

७ मार्च

गाडीवाटेने चालत गेले. टेप आणि वही घेऊन.

वाट वस्तीतून जाते. नऊ घरं, मेंढपाळांची. सगळ्यात अरुंद जागा शेवटच्या घरापाशी आहे. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला विहिरीचा कठडा, मध्ये चार मीटर दहा सेंटिमीटर. डंपरची रुंदी अडीच मीटर. जातो.

मी टेप धरून वाकले होते तेव्हा त्या घरातल्या बाई बाहेर आल्या. रंगुबाई. साठीच्या.

"काय मोजतीयास गं? नळ येणार हाय काय?"

"नाही मावशी, रस्त्याचं बघतेय."

"बघ बघ. ये आत, ताक पी."

ताक पिऊन आले. त्यांचे मालक, हरिबा, दारात बसून लोकरीचं सूत कातत होते. त्यांच्याकडे एकतीस मेंढ्या. पूर्वी चारणीला पार कोकणापर्यंत जायचे, गुडघ्यामुळे आता जात नाहीत. त्यांनी मला विचारलं, "कुणाची तू?" मी मलकापूरची म्हणून सांगितलं. "वडील काय करत्यात?" म्हणाले. "एसटीत आहेत," असं म्हणून गेले. आहेत. मग दुरुस्त केलं नाही.

रात्री अहवालात एक ओळ घातली. पर्यायी मार्ग, अंदाजे बचत फेरीला ०.६७ लिटर. शेरा या रकान्यात लिहिलं : 'अरुंद, वस्तीजवळून.' रकाना लहान असतो.

११ मार्च

साहेबांनी तीन दिवसांत गाडीवाटेवर मुरूम टाकून रोलर फिरवला. वस्तीतल्या लोकांना सांगितलं, आयता रस्ता होतोय तुम्हाला. ग्रामपंचायतीचं पत्रही आलं. आज पहिला डंपर उतरला.

२० मार्च, गुरुवार

फेरीला ४.२. एकोणीस टक्क्यांच्या वर. नऊ गाड्यांच्या रेषा एकावर एक बसतात. सात नंबरची वेगळी, वर. ४.९.

साहेब म्हणाले, "यल्लाप्पा डिझेल विकतोय. मला माहितीये हे लोक."

मी म्हणाले, विकत असेल तर आकडा रोज वेगळा यायला हवा. हा रोज सारखाच येतो. मी उद्या त्याच्या गाडीत बसून बघते.

२१ मार्च

सकाळी यल्लाप्पाच्या शेजारी बसले. गाडी भरली, वर आली, आणि गाडीवाटेच्या फाट्यावर त्याने तिकडे न वळता सरळ टेकडीचा वळसा धरला.

"यल्लाप्पा, रस्ता इकडून आहे."

"हाय की. मी जात नाही तिकडनं."

"का?"

त्याने गिअर बदलला. "उतार बघितलासा काय ताई? पस्तीस टन घेऊन उतरायचं. ब्रेक तापतेत. आणि खाली काय हाय? दार हाय. त्या म्हातारीच्या उंबऱ्याला टायर लागंल असं जातेत सगळे. मी एकदा गेलो. भांडी पडायचा आवाज आला आतून. परत नाही गेलो."

"साहेबांना सांगायचं होतंत."

"सांगितलो. म्हणले, मॅडमनी मोजलंय."

मी मीटर वाचून वहीत लिहीत होते. वळशाच्या रस्त्याला एक जागा आहे, तिथून लांबवर वारूगड दिसतो. छान दिसतो असं यल्लाप्पा म्हणाला. मी पाहिलं. दिसत होता.

परत येऊन अहवालात लिहिलं : 'गाडी क्र. ७, इंधनचोरी नाही. चालक ठरवून दिलेला मार्ग वापरत नाही.' त्याच्यावरचा आळ जावा म्हणून हे लिहिलं. खरं तेच लिहिलं.

२४ मार्च

यल्लाप्पाला डंपरवरून काढलं. आता तो पाण्याचा टँकर चालवतो, धूळ बसावी म्हणून गाडीवाटेवर दिवसातून चार वेळा पाणी मारायला. मला बघून त्याने हात वर केला, नेहमीसारखा. रागावला असता तर सोपं झालं असतं. कशासाठी सोपं, कळत नाही.

सात नंबरची रेषाही आता इतरांवर बसली.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीसाठी मलकापूरला आले. सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक. आप्पा दर वर्षी निळा फेटा बांधून पुढे असायचे. फेटा आईने धुवून घडी करून ठेवलाय. आईने विचारलं, "तुला न्यायचाय का?" मी म्हणाले, खोलीत ठेवायला जागा नाही.

आई म्हणाली, "तू सारखी आकडे का सांगतीस गं मला? मी तुला कशी हायस विचारलं."

"चांगली आहे."

"बरं," म्हणाली. आणि भाकरी थापायला उठली.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी चार नंबरचा डंपर भरून गाडीवाटेने उतरत होता. ब्रेक लागला नाही. ड्रायव्हर हॉर्न दाबत राहिला. खाली भिंत आणि विहीर यांच्या मध्ये हरिबांची मेंढरं होती, पाण्यावर आणलेली. मेंढरं आवाजाने बिथरली की पसरत नाहीत, एकमेकांना चिकटतात. हरिबा त्यांना बाहेर काढायला मध्ये शिरले. चौदा मेंढ्या मेल्या. हरिबांच्या डाव्या पायावरून चाक गेलं. डंपर पुढे बांधावर चढून थांबला.

यल्लाप्पा टँकर घेऊन खालीच होता. त्याने आपला फेटा सोडून हरिबांच्या मांडीला आवळून बांधला आणि जीपमध्ये घालून साताऱ्याला नेलं. मी पोचले तेव्हा ते निघून गेले होते. रंगुबाई बरोबर गेल्या होत्या. घराचं दार उघडं होतं.

मी मेंढ्या मोजल्या. का मोजल्या माहीत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. दोनदा मोजल्या.

२३ एप्रिल

पाय गुडघ्यावरून काढला.

२५ एप्रिल

वस्तीतल्या लोकांनी गाडीवाटेवर आडवे दगड टाकले आहेत. तीन बाया तिथेच बसून असतात. डंपर पुन्हा वळशाने जातायत.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते दोन रात्री झोपलेले दिसत नव्हते. म्हणाले, "दवाखान्याचा सगळा खर्च कंपनी करतेय. मेंढ्यांची भरपाईही देणार. मी स्वतः जाऊन आलो. म्हातारा माझ्याकडे बघून हात जोडत होता, मॅडम. मला कसंतरी झालं."

मग म्हणाले, "दोन तारखेला तपासणीसाठी लोक येतायत. मार्च-एप्रिलचा आकडा एकोणीस टक्के आहे, तो द्यायचा. खोटं नाहीये ते. तेवढं डिझेल खरंच वाचलं."

"आणि अपघात?"

"त्याचं रजिस्टर वेगळं असतं."

बरोबर आहे. माझ्या तक्त्यात बावीस रकाने आहेत. त्यात तो कुठे बसेल हे मी संध्याकाळी शोधलं. बसत नाही. रकाने मीच पाडले होते.

२८ एप्रिल, सोमवार

वस्तीवर गेले. दगडांपाशी बसलेल्या बायांनी मला ओळखलं आणि वाट दिली. रंगुबाई सकाळीच साताऱ्याहून आल्या होत्या, उरलेल्या मेंढरांचं बघायला. सतरा उरल्यात. कोकरांना दुसऱ्या मेंढीला लावायचा प्रयत्न चालला होता. मेंढी लाथ मारत होती.

मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मावशी, हा रस्ता मी सुचवला. त्या दिवशी टेप घेऊन आले होते ते त्यासाठी."

"व्हय. म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या त्या टँकरवाल्यानं न्हवं. त्यानं कायबी न्हाई सांगितलं. आमास्नी डोळं न्हाईत व्हय? तू मोजून गेलीस आन् चौथ्या दिसाला रोलर आला."

मला वाटलं आता त्या ओरडतील. मी थांबले. त्यांनी मेंढीचं डोकं काखेत दाबून धरलं आणि कोकराचं तोंड सडाला लावलं.

"ताक मागायला तू न्हवती आलीस, म्या बोलीवलं तुला," त्या म्हणाल्या. "तवा तुझ्या मनात काय हुतं, त्येवढं सांग."

मी आठवून पाहिलं. मनापासून आठवून पाहिलं.

"काही नव्हतं मावशी. चार मीटर दहा, एवढंच होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. राग नव्हता त्यात. आजारी माणसाकडं बघावं तसं पाहिलं.

"जा आता," म्हणाल्या. "हितं लय काम हाय."

२ मे, शुक्रवार

तपासणीला पुण्याहून दोघं आले, एक बाई आणि एक गृहस्थ. साहेब शेजारी बसलेले. मी तक्ता उघडला आणि सांगितलं, ही बचत दोन भागांत आहे. पहिले सहा पूर्णांक चार टक्के उभ्या गाड्यांची इंजिनं बंद ठेवून आले. उरलेले बारा-तेरा टक्के रस्ता नऊ घरांच्या दारातून काढून आले. त्या रस्त्यावर बावीस एप्रिलला चौदा मेंढ्या मेल्या आणि एका माणसाचा पाय गेला. रस्ता मी सुचवला होता. तो भाग मी अहवालातून काढते आहे.

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं.

गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिलं. बाई म्हणाल्या, "अपघात आमच्या तपासणीत येत नाही. पण तो रस्ता आता बंद आहे म्हणता?"

"हो."

"मग ती बचत कायमची नाही. सहा पूर्णांक चारच धरावे लागतील."

एवढंच. चहा आला. चहानंतर ते गेले.

साहेब नंतर म्हणाले, "जूनपर्यंत तुमचा करार आहे, तोवर थांबा. पुढचं मी काही बोलत नाही." मग दारापर्यंत जाऊन वळले. "तुमच्या जागी मी असतो तर बोललो नसतो. खरं सांगतो."

यल्लाप्पा टँकर धूत होता. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. म्हणाला, "सोमवारपासून मला सात नंबर परत दिलेत. वळशाला ड्रायव्हर कमी पडायलेत." मग म्हणाला, "ताई, तुम्ही तो कागद लिहिला, म्हणून मी खाली टँकरवर होतो त्या दिवशी. नाहीतर त्याला उचलाय तिथं कोण नव्हतं. असं बी बघा."

मी तसं बघून पाहिलं. जमलं नाही.

४ मे

रविवार. दुपारी रंगुबाई शोधत शोधत माझ्या खोलीवर आल्या. दहिवडीला औषधं घ्यायला आल्या होत्या. पाणी प्यायल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या.

"त्यास्नी म्या खरं सांगितलं न्हाई," म्हणाल्या. "दोनच गेल्या म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हनलं हुतं मनाला लावून घेऊ देऊ नका. आता रोज इचारत्यात. म्या सांगती सगळी ब्येस हायत. माझ्या तोंडाकडं बघत्यात आन् भिंतीकडं तोंड फिरवत्यात. जेवान सोडलंय."

"मग?"

"मंगळवारी सोडणार हायत. घरी आल्यावर मेंढरांच्या वाडग्यात सतराच दिसतील. त्येच्या आधी कुनीतरी सांगाय पायजे. मला न्हाई हुयाचं." पदराने तोंड पुसलं. "तू सांग. तू मोजनारी बाई हायस. तुझं खरं वाटंल त्यास्नी."

मी हो म्हणाले.

५ मे, सोमवार

सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेले. पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. हरिबा मला वाटले होते त्यापेक्षा लहान दिसत होते. चादर डाव्या बाजूला सपाट. मला पाहून म्हणाले, "मलकापूरची न्हवं तू? एसटीवाल्याची?"

"हो बाबा." आणि मग मी म्हणाले, "वडील वारले माझे. त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं."

"कवा?"

"जानेवारीत."

"अरारा," म्हणाले, आणि खाटेवर हात थोपटला, बस म्हणून. मी बसले.

"बाबा, मेंढ्या दोन नाही गेल्या. चौदा गेल्या. सतरा राहिल्यात. मी स्वतः मोजल्यात, दोनदा. रस्ता मीच सुचवला होता."

ते छताकडे बघत राहिले. शेजारच्या खाटेवरचा माणूस मोसंबं सोलत होता, तो थांबला.

मग हरिबांनी विचारलं, "कुठल्या?"

"काय बाबा?"

"कुठल्या चौदा? काळतोंडी हाय का? ती गाभण हुती."

मला माहीत नव्हतं. मी चौदा मोजल्या होत्या. एकीचंही तोंड पाहिलं नव्हतं.

मी रंगुबाईंना फोन लावला. त्यांना सांगितलं, मावशी, बाबांना कळलंय, आता मला एकेक नाव सांगा. मग त्या सांगू लागल्या आणि मी फोन कानाला धरून एकेक नाव मोठ्याने म्हणत गेले. बांडी. कानतुटकी. मोठी तांबडी. तिची दोन्ही कोकरं. हरिबा प्रत्येक नावाला "बरं" म्हणत होते, हळू, जणू दाराशी उभं राहून त्यांना आत घेतायत. काळतोंडी. "बरं."

सातव्या नावाला माझा आवाजच निघेना. रंगुबाई फोनवर तेच नाव पुन्हा सांगत होत्या, मला ऐकूही येत होतं, पण तोंड उघडलं की नुसती हवा येत होती. डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि थांबत नव्हतं. वॉर्डमधले सगळे बघत होते. कधीपासून येत होतं कळलं नाही.

हरिबांनी माझ्या हातावर हात ठेवला. खरबरीत होता.

"दमानं सांग पोरी," ते म्हणाले. "मला कुठं जायाचं हाय?"